दोन अक्षरांचा वाद

माझ्या भावाने नागपुरात मुलीचे नाव 'लुमी' ठेवायचे ठरवले आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात वाद पेटला. इथे जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये बसून तो वाचताना माझी रोजची सकाळ कडवट होते. फिनलंडमध्ये बर्फाला लुमी म्हणतात आणि मुलींना ते नाव देतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या शहरासाठी ही निवड जरा विनोदी आहे, हे मला मान्य आहे. धरमपेठेतल्या काकांना मात्र यात विनोद दिसत नाही. अशा तोकड्या, विलायती नावांनी आपली संस्कृती बुडत चालली आहे आणि ही हवा परदेशात गेलेल्यांनी आणली आहे, असे त्यांनी लिहिले. आमच्या घरातून परदेशात गेलेली मी एकटीच असल्यामुळे रोख कोणाकडे आहे, हे विचारावे लागले नाही.

तोकडेपणाचेच म्हणायचे, तर उमा, रमा, सई, जुई, गोदा ही नावे काही विमानाने आलेली नाहीत. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई होत्या. ज्या भोसल्यांच्या नागपूरचा काकांना एवढा अभिमान, तिथे दुसऱ्या रघूजींच्या राणी बाकाबाई होत्या. आज कोणी मुलीचे नाव बाका ठेवले, तर हे कुठल्या देशातले म्हणून पहिला प्रश्न काकाच विचारतील. बाहेरही अशी नावे सगळीकडे आहेत: लिव आणि तुवा स्कँडिनेव्हियातल्या, निया वेल्समधली, रिन आणि मिओ जपानमधल्या, एजे तुर्कस्तानातली. माझ्या मुलीच्या किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, खुंट्यांवर इडा, लिया, फेना अशा पाट्या ओळीने लावलेल्या असतात आणि त्या ओळीत सई सहज खपून गेली असती.

परदेशात वाटेल ते नाव चालते, हा काकांचा दुसरा गैरसमज. भारतीय वंशाच्या एका कुटुंबाला इथे मुलीचे नाव किरण ठेवायचे होते. या नावावरून मूल मुलगा की मुलगी हे कळत नाही, म्हणून श्टांडेसआम्टने, म्हणजे जन्मनोंदणी कार्यालयाने, ते एकटे नोंदवायला नकार दिला. प्रकरण कार्ल्सरूहच्या संघीय घटना न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २००८ मध्ये निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला. आइसलंडमध्ये तर १९९१ पासून नावे मंजूर करणारी समितीच आहे. तिथे ब्लाइर नावाच्या मुलीला २०१३ साली न्यायालयातून स्वतःचे नाव मिळवावे लागले. तोवर पंधरा वर्षे तिच्या सरकारी कागदांवर नावाच्या जागी नुसते 'मुलगी' असे लिहिलेले होते. आपल्याकडे जन्माची नोंद नावाशिवायही होते, नाव नंतर घालता येते आणि ते किरण असो वा लुमी, खिडकीपलीकडचा कारकून मान वर करून पाहतही नाही. या मोकळेपणाची किंमत काकांना नाही, कारण त्यांना ती कधी मोजावी लागली नाही.

संस्कृतीची एवढी चिंता असलेल्या माणसांनी 'नकुशी' या नावावर कधी गट पेटवल्याचे मला आठवत नाही. सातारा जिल्ह्यात २०११ साली समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे द्यावी लागली. ती जुनी नावे शुद्ध मराठी होती, त्यांत विलायती काहीही नव्हते.

मी आत्या आहे, त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान माझा आहे. तिकिटाचे जमले तर मी लुमी हे नाव मोठ्याने सांगणार आहे, मला ते विशेष आवडत नसले तरीही.

विशेष आवडले असते ते रमा. ते माझ्या आजीचे नाव आणि माझ्या मुलीचे तेच ठेवायचे, असे मी लग्नाआधीपासून म्हणत असे. पण दीक्षाभूमीच्या शहरात रमाई म्हटले की माणसे हात जोडतात, तर इथे रमा हे न्याहारीच्या टेबलावरच्या मार्गारिनच्या डब्यावर लिहिलेले असते. शाळेत पोरे तिला काय म्हणतील, हे मला आधीच ऐकू आले. जुईचा विचार केला, तर रोमन लिपीत लिहिलेले ते नाव इथे सगळे युई असे वाचणार. शेवटी जर्मन जिभेला अडणार नाही म्हणून मीरा ठेवले, आणि नागपूरला फोनवर सांगताना संत मीराबाईंचे नाव पुढे केले. ती सबब काकांना फार आवडली होती.

आता मुलगी त्या नावातला 'र' इथल्या मुलांसारखा घशातून काढते. सुट्टीत सीताबर्डीवर दुकानदार तिला कौतुकाने नाव विचारतात, ती दोनदा सांगते, त्यांना कळत नाही, आणि मग मी पुढे होऊन सांगते.