बेकेनबाउरच्या ओंजळीने पाणी प्यायलेला माणूस? श्वार्त्सेनबेकबद्दलचा एक लाडका गैरसमज

फ्रान्झ बेकेनबाउर ७ जानेवारी २०२४ रोजी गेला. त्याच्यावर जे ढीगभर लिहून आलं त्याच्या शेपटाला एक जुनाच मजकूर चिकटून आला, आणि फुटबॉलवेड्यांमध्ये तो अजून फिरतोच आहे. विषय त्याचा जोडीदार, बायर्न म्युनिकचा बचावपटू हान्स-गेओर्ग श्वार्त्सेनबेक. मजकुराचा सारांश असा: हा फुटबॉलमधला सगळ्यात नशीबवान माणूस. बेकेनबाउरच्या शेजारी उभा राहिला आणि विश्वविजेता झाला. जन्मात एक गोल केला, तोही लागला म्हणून लागला. बेकेनबाउर अमेरिकेला गेला तसा संपला. दुसऱ्या कुणी विचारलं नाही म्हणून एकाच क्लबात राहिला, आणि शेवटी वह्या-पेन्सिली विकत बसला.

यातला शेवटचा, वह्या-पेन्सिलींचा तुकडा तेवढा खरा आहे. बाकीच्यांचं एकेक करून पाहू.

सोप्यापासून सुरुवात करू. जन्मात एक गोल? बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये, त्याच्या नावावर २१ गोल आहेत. देशासाठी ४४ सामन्यांत एकही नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या कुणीतरी तेवढंच उचलेल. पण ज्याचं काम गोल होऊ न देणं, त्या स्टॉपरच्या खात्यात २१ म्हणजे काही वाईट नाही.

मजकुराचा रोख अर्थात त्या एका गोलावर आहे. १५ मे १९७४, ब्रसेल्सचं हायसेल स्टेडियम, युरोपियन कपचा (युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचा) अंतिम सामना, समोर अ‍ॅटलेटिको माद्रिद. नव्वद मिनिटं गोलशून्य. जादा वेळेत ११४व्या मिनिटाला लुईस आरागोनेसने फ्री किकवर गोल केला आणि माद्रिदकरांनी कप जवळजवळ हातात घेतला. शेवटचं मिनिट चालू होतं. बेकेनबाउरने चेंडू श्वार्त्सेनबेककडे सरकवला. गोलपासून पंचवीस-तीस मीटर अंतर, आणि त्याला अडवायला कुणी पुढे आलं नाही. का यावं? या गड्याच्या पायात चेंडू असणं म्हणजे धोका टळला, असंच तोवर सगळे धरून चालले होते. त्याने दोन पावलं टाकली आणि मारला. चेंडू जमिनीलगत, माणसांच्या पायांमधून वाट काढत कोपऱ्यात. गोलरक्षक मिगेल रेइना झेपावला, पण उशीर झाला होता. १–१.

तेव्हा अंतिम सामन्याला पेनल्टी शूटआउट नव्हतं, सामना पुन्हा खेळवत. दोन दिवसांनी त्याच मैदानावर बायर्नने ४–० ने जिंकला. उली हॉनेस आणि गेर्ड म्युलरचे दोन-दोन गोल. जर्मन क्लबने हा कप जिंकण्याची ती पहिली वेळ, आणि पुढची दोन वर्षंही तो म्युनिकलाच राहिला.

आता याला कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणायचं असेल तर म्हणा. इतक्या लांबून मारलेला चेंडू आत जायला नशीब लागतंच, त्याबद्दल वाद नाही. पण १२०व्या मिनिटाला, दोन तास माद्रिदच्या आघाडीपटूंना अंगावर घेतल्यानंतर, स्टॉपर तिथवर पुढे आलेला असणं हे नशीब नव्हे. शिवाय दोनच वर्षांपूर्वी, १८ जून १९७२ ला, याच हायसेलवर पश्चिम जर्मनीने सोव्हिएत संघाला ३–० ने हरवून युरोपचं अजिंक्यपद मिळवलं, तेव्हाचा तिसरा गोल पाहा. लावला म्युलरने, पण आपल्या भागातून थेट मुसंडी मारत तो हल्ला रचला श्वार्त्सेनबेकने. थोडक्यात, हा माणूस पुढे जातच नसे, ही समजूत १९७४ मध्येही चुकीची होती. माद्रिदला ती महागात पडली.

खरा मुद्दा मात्र ‘शेजारी उभा राहिला’ या तीन शब्दांत आहे. तिथे थोडं थांबायला हवं.

त्या काळची जर्मन बचावफळी आजच्यासारखी एका रेषेत उभी राहत नसे. प्रत्येक बचावपटूला समोरचा एक माणूस वाटून दिलेला असे. तो माणूस पाणी प्यायला कडेला गेला तरी याने मागोमाग जायचं. सगळ्यांच्या पाठीमागे एक मोकळा गडी, लिबेरो. त्याच्यावर कुणाची जबाबदारी नाही, सुटलेलं ते आवरायचं. लिबेरोच्या पुढ्यात स्टॉपर, आणि स्टॉपरच्या वाट्याला समोरचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे बहुधा त्या संघातला सगळ्यात दांडगा किंवा सगळ्यात चलाख माणूस. बेकेनबाउरची करामत ही की मागे थांबण्यासाठी मिळालेली मोकळीक त्याने पुढे जाण्यासाठी वापरली. चेंडू घेऊन मान वर करून तो मध्यरेषा ओलांडायचा आणि समोरच्यांना कळत नसे की याला धरायचं कुणी.

तो ज्या क्षणी मध्यरेषा ओलांडतो, त्या क्षणी मागे झाकायला उरतो तो श्वार्त्सेनबेक. आणि त्याच्या अंगावर आधीच एक आघाडीपटू आहे. जुन्या सामन्यांची चित्रफीत लावा आणि नजर चेंडूवरून काढून त्याच्यावर ठेवा. बेकेनबाउर निघाला की हा चार पावलं मागे सरकतो, तिरका उभा राहतो, आपला माणूस आणि चेंडू दोन्ही नजरेत राहतील असा. आपला माणूस गोलच्या बाजूला वळू नये म्हणून त्याला कडेकडे रेटत नेतो. चेंडू मिळाला की शोभेचं काही नाही: जवळच्याला, बहुतेकदा बेकेनबाउरलाच, देऊन मोकळा. दिसायला हे रुक्ष आहे. धिप्पाड, काहीसा अवघडल्यासारखा धावणारा माणूस. पोस्टरवर लावावा असा नक्कीच नव्हे. लाडाने त्याला ‘कात्शे’ म्हणत आणि चिडवताना ‘कैसर’चा, म्हणजे सम्राट बेकेनबाउरचा, हुजऱ्या. पण हुजऱ्या एक दिवस रजेवर गेला तर काय, हा प्रश्न त्या मजकुराला पडत नाही.

प्रश्न पडावा असा एक सामना आहे. १९७४ चा विश्वचषक, २२ जून, हॅम्बुर्ग, समोर पूर्व जर्मनी. ६८व्या मिनिटाला श्वार्त्सेनबेकला बाहेर काढून ह्योटगेसला आत पाठवलं गेलं. नऊ मिनिटांनी युर्गेन श्पारवासरने गोल केला आणि यजमान पश्चिम जर्मनी १–० ने हरली. त्या स्पर्धेतला त्यांचा हा एकमेव पराभव. बेकेनबाउर मैदानावरच होता. एका बदलामुळे गोल झाला असं मी म्हणणार नाही. फुटबॉल इतका सरळ नसतो, आणि त्या दिवशी यजमान संघ सगळीकडेच ढिला होता. पण शेजारी कुणीही उभा केला तरी चालतं, या दाव्याला हा सामना फारसा हातभार लावत नाही, एवढं नक्की. पुढच्या सामन्यात श्वार्त्सेनबेक परत जागेवर होता, आणि ७ जुलैला म्युनिकमध्ये नेदरलँड्सला २–१ ने हरवतानाही.

आणि उलटा पुरावा? तोही आहे. १९७६ च्या युरो अंतिम सामन्यात बेलग्रेडला चेकोस्लोव्हाकियाने पहिल्या पंचवीस मिनिटांत दोन गोल चढवले, तेव्हा दोघंही मैदानावर होते. पुढे बरोबरी साधूनही पेनल्टीवर कप गेला. म्हणजे ही जोडी अभेद्य होती वगैरे नाही. पण १९७२ ते १९७६ या काळात देशाच्या तीन आणि क्लबच्या तीन अशा सहा मोठ्या अंतिम लढती दोघं एकत्र खेळले. सहा वेळा कुणी नुसतं शेजारी उभं राहत नाही.

आता ‘बेकेनबाउर गेला तसा संपला’. बेकेनबाउर १९७७ मध्ये न्यूयॉर्क कॉसमॉसला गेला. त्यानंतरच्या मोसमात बायर्न बाराव्या क्रमांकावर घसरलं, हे खरं. मजकूर लिहिणाऱ्याला ते माहीत असतं तर त्याने नाचून सांगितलं असतं. पण मग हेही सांगायला हवं की १९७४–७५ च्या मोसमात, बेकेनबाउर पूर्ण भरात असताना, हेच बायर्न लीगमध्ये दहावं आलं होतं, आणि त्याच मोसमात पॅरिसमध्ये इंग्लंडच्या लीड्सला २–० ने हरवून युरोपचं विजेतंही ठरलं होतं. त्या संघाची लीगमधली गाडी आधीच खडखडत होती. श्वार्त्सेनबेक राष्ट्रीय संघात १९७८ पर्यंत होता. अर्जेंटिनाच्या विश्वचषकासाठी निवडलेल्या बावीस जणांतही तो होता, खेळायला मात्र मिळालं नाही. त्याला थांबवलं ते टाचेमागच्या अकिलीस टेंडनच्या दुखापतीने. जोडीदाराच्या विमानाशी तिचा काही संबंध नव्हता.

एक आकडा इथेच देतो, कारण तो कुणी देत नाही. बायर्नकडून बुंडेसलीगात बेकेनबाउर ३९६ सामने खेळला. श्वार्त्सेनबेक ४१६. एका मोसमात ३४ सामने, म्हणजे बारा पूर्ण मोसम भरून वर थोडे. नशिबाच्या जोरावर एखादा कप निघतो, बारा मोसम निघत नाहीत.

‘दुसऱ्या कुणी विचारलं नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्याने आजची बाजारपेठ १९७० च्या दशकावर चिकटवली आहे. इटलीच्या लीगची दारं १९६६ नंतर परदेशी खेळाडूंना बंद झाली ती १९८० मध्ये उघडली. इंग्लंडमध्ये १९७८ पर्यंत हीच तऱ्हा. स्पेनने १९७३ मध्ये दार किलकिलं केलं, पण एका क्लबाला दोनच परदेशी. त्या दोन जागांवर कोण येणार? बार्सेलोनाने आघाडीचा क्रायफ घेतला, रेआल माद्रिदने मध्यफळीतला नेट्झर आणि वर्षभराने पॉल ब्राइटनर. ब्राइटनर बायर्नमध्ये डावा बचावपटू होता. माद्रिदने त्याला मध्यफळीत खेळवलं. म्हणजे बचावपटू घेतला तोसुद्धा बचावासाठी नव्हे. अशा बाजारात स्टॉपरसाठी परदेशातून रांग लागणं शक्यच नव्हतं; मग तो कितीही चांगला असो.

इथे दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही थोडं सुनावायला हवं, जे त्याला निष्ठेचा पुतळा करून ठेवतात. करार संपला तरी जुन्या क्लबाला पैसे मोजल्याशिवाय खेळाडू हलू शकत नसे. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोसमन निकालापर्यंत हे असंच होतं. त्यामुळे एका क्लबात राहणं त्या पिढीत काही जगावेगळं नव्हतं. बर्टी फोग्ट्स मोन्शनग्लाडबाखला ४१९ सामने खेळला. फ्रँकफुर्टचा कार्ल-हाइन्झ कोर्बेल १९७२ ते १९९१ तब्बल ६०२, आणि तो विक्रम आजही बुंडेसलीगात उभा आहे. (कोर्बेलचा निरोपाचा सामना हुकला, कशामुळे, तर पिवळ्या कार्डांच्या बंदीमुळे. बचावपटूला याहून चपखल निरोप सुचवता येणार नाही.) श्वार्त्सेनबेक म्युनिकचा, जन्म ३ एप्रिल १९४८ चा, तिथल्याच पोरांच्या संघातून बायर्नमध्ये आलेला. घरचं गाव, घरचा क्लब, आणि तो क्लब युरोप जिंकतोय. अशा माणसाने जायचं कुठे आणि कशाला? यात त्याग शोधायची गरज नाही, आणि लाचारी शोधायची तर मुळीच नाही.

राहता राहिलं दुकान. म्युनिकच्या आऊ भागात त्याच्या आत्या-मावश्यांचं स्टेशनरीचं दुकान होतं. फुटबॉल सुटल्यावर त्याने ते चालवायला घेतलं आणि वर्षानुवर्षं चालवलं. वर्तमानपत्रं, वह्या, पेनं, पाकिटं. मजकुरात हे करुण शेवटासारखं येतं, जणू विश्वविजेत्याने टीव्हीच्या स्टुडिओतच बसलं पाहिजे. त्या पिढीच्या जर्मन खेळाडूंनी असलेच धंदे केले. हॅम्बुर्गचा आघाडीपटू उवे झेलर याने १९६१ मध्ये इंटर मिलानचा देकार नाकारला आणि अडिडासचा विक्री प्रतिनिधी म्हणून गाडी हाकत राहिला. त्याला कुणी बिचारा म्हणत नाही. तेव्हा श्वार्त्सेनबेक वह्या-पेन्सिली विकत बसला, हे मान्य. त्याच्या गिऱ्हाइकांत बायर्न म्युनिकचं ऑफिस होतं, एवढंच त्या मजकुरात लिहायचं राहून गेलंय.