घरची भाषा बंद केल्याने वाचन सुधारत नाही

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीने आपल्या सहा वर्षांच्या मुलाशी घरच्या भाषेत बोलणे अचानक बंद केले. कारण विचारले, तेव्हा तिने फोनवर आलेला एक संदेश दाखवला. त्यात म्हटले आहे की, दोन भाषांमुळे मुलाच्या डोक्यात गोंधळ होऊन वाचन मागे पडते; म्हणून पालकांनी घरी केवळ शाळेचीच भाषा बोलावी, शिक्षकांनी वर्गात घरच्या भाषेचा एकही शब्द चालवून घेऊ नये, आणि एवढे करूनही वर्षभरात मूल सफाईने वाचू लागले नाही तर त्याला डिस्लेक्सिया (अक्षरे आणि ध्वनी जुळवून वाचण्यातील मूळची अडचण) आहे असे समजावे. लहान मुलांना वाचायला शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही.

गोंधळाची समजूत जुनी आहे. 1923 मध्ये सेअर या संशोधकांनी वेल्समधील मुलांच्या चाचण्यांवरून तसा निष्कर्ष काढला होता, मात्र मुलांच्या सामाजिक परिस्थितीतील फरक त्यात नीट विचारात घेतलेला नव्हता. तो विचारात घेऊन पील आणि लॅम्बर्ट या संशोधकांनी मॉन्ट्रियलमध्ये केलेल्या अभ्यासात (1962) द्वैभाषिक मुले मागे नव्हे, पुढे असल्याचे आढळले. मूल एका वाक्यात दोन भाषांचे शब्द वापरते, ते हाताशी असलेला शब्द घेऊन बोलणे पुरे करण्यासाठी. मोठी माणसेही तेच करतात.

खरा घात घरी केवळ शाळेचीच भाषा बोलण्याच्या सल्ल्यात आहे. वाचन म्हणजे अक्षरांवरून शब्द उलगडणे आणि त्या भाषेत बोललेले समजणे या दोहोंचा गुणाकार, अशी मांडणी गफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये केली; त्यातले एक शून्य असेल तर उत्तरही शून्यच येते. आता ज्या आईला शाळेची भाषा जेमतेम येते, तिने तीच बोलायची ठरवली तर घरात काय उरते? माझ्या बहिणीच्या घरी तीन दिवस 'जेव', 'आवर', 'झोप' एवढेच उरले होते. गोष्ट गेली, मुलाचे 'का' आणि 'मग' गेले, कारणे सांगणे गेले. ज्या बोलण्यातून मुलाची समज आणि शब्दसंपत्ती वाढते, नेमके तेच या सल्ल्याने थांबते.

अमेरिकेतील राष्ट्रीय अभ्यासगटाचा ऑगस्ट आणि शॅनहन यांनी संपादित केलेला 2006 चा अहवाल या बाबतीत स्पष्ट आहे. दुसऱ्या भाषेत वाचायला शिकणारी मुले शब्द उलगडण्यात बहुधा इतरांच्या बरोबरीला येतात, पण मजकूर समजण्यात मागे राहतात, आणि त्यामागे त्या भाषेतील बोलण्या-ऐकण्याची कच्ची तयारी हे मोठे कारण असते. घरच्या भाषेतील प्रभुत्व आणि साक्षरता दुसऱ्या भाषेतील वाचनाला उपयोगी पडते, हेही त्याच अहवालात आहे. शब्द ध्वनींचा बनलेला असतो, ही जाण एका भाषेत आलेल्या मुलाला दुसऱ्या भाषेत ती पुन्हा पहिल्यापासून मिळवावी लागत नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागते, ती म्हणजे शाळेची भाषा भरपूर कानावर पडल्याशिवाय येत नाही, आणि एकाच भाषेतले शब्द मोजले तर द्वैभाषिक मुलाचे शब्द अनेकदा कमी भरतात. त्यावर उपाय वर्गात आहे: वाचनापूर्वी धड्यातील मोजके शब्द वस्तू, चित्रे आणि अभिनय यांतून पक्के करणे, तेच शब्द पुढचे काही दिवस मुलांच्या बोलण्यात येतील असे पाहणे, आणि ध्वनी व अक्षरे यांचा संबंध पद्धतशीर शिकवणे. एकच घरची भाषा असलेल्या दोन मुलांना आधी आपसात गोष्टीविषयी बोलू दिले, तर कल्पना स्पष्ट होते आणि मग नवा शब्द तेवढा शिकायचा राहतो. त्यासाठी शिक्षकाला ती भाषा यायलाच हवी असेही नाही. म्हणून वर्गातील बंदीचा मुद्दा मला याहून अधिक चर्चेच्या योग्यतेचा वाटत नाही.

डिस्लेक्सियाचा निर्णय वर्षभराच्या वाचनावरून आणि तोही एकाच भाषेत करता येत नाही. घरच्या भाषेत मुलाला यमक जुळवता येते का, शब्दाचा पहिला ध्वनी ओळखता येतो का, ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगता येते का, हे आधी पाहावे लागते. ध्वनींशी निगडित अडचण दोन्ही भाषांत दिसली तर मात्र 'दुसरी भाषा आहे, येईल हळूहळू' म्हणून थांबू नये. तज्ज्ञांकडून तपासणी लगेच करून घ्यावी, आणि ती दोन्ही भाषांत व्हावी असा आग्रह धरावा.