काच नंतर बघू, आधी ओसरी

माझा धाकटा भाऊ जुळे सोलापुरात घर बांधतोय. तीस बाय पन्नासचा प्लॉट, तोंड पश्चिमेला. महिना झाला, घरच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय. भावाला रस्त्याकडची हॉलची अख्खी भिंत काचेची पाहिजे, सरकवली की हॉल आणि लॉन एकच. अप्पा म्हणतायत काच कशाला, पुढं ग्रिल मारा, गाडीला पत्रा टाका, धूळ आणि मच्छर कोण आवरणार. परवा भाऊ मला म्हणाला, ताई, तू तिकडं ब्रिस्बेनला तसल्याच दारापाशी बसून चहा पितीस की, मग मलाच का नको म्हणतीस?

बरोबर विचारलंय त्यानं, म्हणून नीट लिहिते.

हो, माझ्या घराला तसलंच दार आहे, पण ते उत्तरेला आहे. ऑस्ट्रेलियात सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळं थंडीत ऊन तिरपं होऊन आत येतं आणि उन्हाळ्यात वर चढलं की दाराबाहेरच्या छपरावरच अडतं. आणि खरी गंमत त्या छपराची आहे, चांगलं दहा फूट खोल, खाली मोठं टेबल, पोरांचा अभ्यास तिथं, जेवण तिथं. आम्ही बाहेर बसतो म्हणजे त्या सावलीत बसतो. या भागातली जुनी लाकडी घरं तर चहूबाजूंनी व्हरांड्याचीच होती, पुढं लोकांनी जागा पुरत नाही म्हणून व्हरांडे बंद करून खोल्या काढल्या, आणि आता तेच व्हरांडे खर्च करून परत मोकळे करतायत.

सोलापूरचं ऊन वेगळं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, तो छज्जा अडवतो. पण चारनंतर तो खाली उतरून पश्चिमेच्या भिंतीवर आडवा येतो, त्याला दोन-अडीच फुटाचा छज्जा काय करणार? आतून पडदा ओढूनही भागत नाही, ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं, ते पडदा तापवतं आणि पडदा खोली तापवतो. मग एसी, मग दार बंद, आणि चार महिने ती काच नुसती बघायला.

आमच्या आजीचं सोलापूरच्या उत्तर कसबा भागातलं घर आठवा. माळवदाचं, दीड-दोन हात जाड दगडमातीच्या भिंती, मधे चौक, कडेनं ओसरी. भिंती तापायलाच दिवस जायचा, त्यांची धग आत पोचेपर्यंत रात्र, तोवर सगळे माळवदावर गाद्या टाकून झोपलेले. रात्रीचा गारवा चौकात उतरून सकाळी उशिरापर्यंत टिकायचा. सोलापूरची हवा कोरडी, रात्री उतरते, म्हणून हे जमायचं. पण त्या घराचं नुसतं कौतुक मी करणार नाही. खोल्या अंधाऱ्या होत्या, पावसात माळवद गळायचं, आणि ती गार ओसरी पुरुषांची होती, पाहुणे आले की आजी आणि आई आतल्या धुरात. हे मला परदेशात आल्यावर लख्ख कळलं, कारण इथं स्वयंपाकघरच बाहेरच्या टेबलाकडं उघडतं आणि स्वयंपाक करणारं माणूस गप्पांत असतं. इथून काही उचलायचं असेल तर ते हे उचला!

म्हणून माझं म्हणणं असं, पश्चिमेला जिना, बाथरूम, गाडी. ती बाजू तापू दे, मधे जाळीची वीटभिंत घाल म्हणजे वारा येईल. राहायची जागा मागं, पूर्वेला. दुपारनंतर घराचीच सावली मागं पडते, तिथं दहा फूट ओसरी काढ, तिला मच्छरजाळीची दारं लाव. स्वयंपाकघर आग्नेयेला ठेवून ओसरीवर उघडायचं, म्हणजे अप्पांचं वास्तूचंही समाधान. काच लावायची तर त्या ओसरीच्या आत लाव, हौस पण भागेल.

लॉन मात्र नको रे. उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं आणि आपण ते गवताला घालायचं? शहाबादी फरशी टाक, फटींतून पाणी मुरू दे, आणि पश्चिमेला कडुनिंब लाव. त्याला चैत्रात नवी पालवी येते, नेमकी लागते तेव्हा सावली दाट. झाड मोठं व्हायला पाच-सात वर्षं जातील, तोवर बांबूच्या तट्ट्या बाहेरून सोड.

मागं एवढी जागा सोडली तर वाया जाते, एक रूम निघते तिथं, असं कॉन्ट्रॅक्टर म्हणणार, मामा म्हणणार, सगळे म्हणणार. तू आधी कागदावर ती ओसरी आखून घे आणि मग खोल्या बसव. आणि आईला विचार, भाकरी करताना तिला समोर काय दिसायला पाहिजे. तिला हे आजवर कुणी विचारलेलं नाही, मीपण नाही.