खुलासा : खोल पाण्यातील शार्क मासेमारीपासून सुरक्षित नाहीत

‘सेंट्रोफोरिडी कुळातील शार्क शेकडो मीटर खोलीवर राहतात, त्यामुळे त्यांना मासेमारीचा धोका नाही आणि त्यांच्या यकृताचे तेल कितीही काढता येते,’ असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील खोलीचा उल्लेख बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. हे मासे अंडी न घालता पिल्लांना जन्म देतात आणि काही जातींत सुमारे दोन वर्षांच्या गर्भधारणेनंतर एकदोनच पिल्ले होतात. एका जातीत तर ७० वर्षांपर्यंतचे वय नोंदले गेले आहे. इतक्या संथ गतीने वाढणाऱ्या प्राण्याची उपसा करून झालेली घट लवकर भरून येणे शक्य नाही. मालदीवमध्ये तेलासाठी १९८०च्या सुमारास सुरू झालेली ही मासेमारी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच कोलमडली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यालगत १९७६-७७ आणि १९९६-९७ मध्ये झालेल्या सर्वेक्षणांची तुलना केली असता या कुळातील सेंट्रोफोरस प्रजातीचे मासे ९८ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले, आणि तिथे ते बहुतांशी ट्रॉलरच्या जाळ्यांत सापडत होते. म्हणजे जाळी तिथवर पोहोचतात. तेलातील स्क्वालीन या ज्या तेलकट घटकासाठी ही मागणी आहे, तो ऑलिव्हसारख्या वनस्पतींपासूनही मिळते, ही गोष्ट त्या मजकुरात सोयीस्करपणे वगळली आहे.