खुलासा : साप चावल्यावर आवळू नका, चिरू नका

पावसाळा लागला की येऊर आणि खारघरच्या टेकड्यांवर जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो : साप चावला तर वर दोरी घट्ट आवळा, ब्लेडने चीर द्या, रक्त चोखून थुंका. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत.

घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. अशा वेळी दिलेली चीर वाहतच राहते. आवळलेल्या दोरीने पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटून हात-पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. चोखून विष निघत नाही, चोखणारा फक्त सिनेमातला हिरो होतो.

उपाय म्हणजे प्रतिविष, आणि ते रुग्णालयातच शिरेतून देतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकत्रित असतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याचा उद्योग नको. १०८ ला फोन करा. सूज चढण्याआधी अंगठी, घड्याळ, पैंजण उतरवा. चावलेला पाय हाड मोडल्यासारखा काठी लावून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका.

काठी बांधणं मात्र वाचून येत नाही. घरी कुणाच्या तरी पायावर ओढणीने बांधून बघा. ओढणीखाली बोट सहज जायला हवं. त्याच माणसाला उचलून दोन जिने उतरवून पाहा, म्हणजे येऊरच्या चिखलातल्या वाटेचा अंदाज येईल.

आणि मण्यारचा दंश अनेकदा दुखतही नाही. ‘काही झालं नाही’ म्हणत थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.