पावती अडली ती आमच्याच एका ओळीमुळे

नमस्कार भाऊ,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की आमच्या पावतीच्या प्रोग्रॅमचं अपडेट नीट इन्स्टॉल झालं, पण रावेरला काट्यावर केळीची गाडी उभी असताना पावतीच निघेना. फोन केला तर ‘नवीन कॉम्प्युटर घ्या’ म्हणाले. दोन्ही खरं आहे. फोनवर आमचा पोरगा होता, त्याने तसं बोलायला नको होतं.

आमचा प्रोग्रॅम पायथॉन या भाषेत लिहिलेला आहे. त्याच्या पॅकेजात ‘रिक्वायर्स-पायथॉन’ अशी एक ओळ असते, कोणत्या पायथॉनवर चालतं ते सांगणारी. ही आवृत्ती या मशीनवर टाकायची की नाही, हे पिप, म्हणजे पॅकेज इन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम, त्या ओळीवरून ठरवतं. आम्ही तिथे कधीकाळी ‘३.८ आणि पुढे’ लिहिलं, ते तसंच राहिलं. मधे वजनाची आणि हमाली-तोलाईची अशा दोन डिक्शनऱ्या (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या याद्या) आम्ही उभ्या दांडीने, म्हणजे ‘|’ या चिन्हाने, जोडल्या. ही सोय पायथॉन ३.९ पासूनची. जळगावच्या आमच्या ऑफिसात सगळीकडे ३.११, त्यामुळे इथे पावत्या सटासट निघत होत्या. तुमचं विंडोज ७, त्यावर ३.८ च्या पुढचं पायथॉन चढतच नाही. म्हणून इन्स्टॉल बिनबोभाट झालं आणि ‘पावती’ बटण दाबल्यावर एरर आली. ओळीत ३.९ असतं तर पिपने तुम्हाला जुनी, चालती आवृत्तीच दिली असती.

नुसती नवी आवृत्ती काढून भागत नव्हतं. नवीवर ३.९ लिहिलं, तरी तुमच्या मशीनला पिप पुन्हा तीच बिघडलेली देणार, कारण तिच्यावर ३.८ चालतं असं लिहिलेलं. आणि एकदा चढवलेल्या फाइलीतली ओळ बदलता येत नाही. म्हणून पिप जिथून पॅकेजं उतरवतं त्या पायपीआयवर ती आवृत्ती ‘यँक’ केली, म्हणजे आकडा घालून मागितल्याशिवाय पिप ती देत नाही. तुम्ही आताची काढून टाका आणि आवृत्तीचा आकडा न घालता पुन्हा इन्स्टॉल करा.

तुमच्या ऑपरेटरची ‘३.१२ पर्यंतच चालतं असं लिहून टाका’ ही सूचना मात्र पटली नाही. तशी वरची हद्द घातली की ३.१३ वाल्याला पिप अडवत नाही, हद्द न लिहिलेली एखादी जुनीपुराणी आवृत्ती शोधून देतं. तो घोळ याहून वाईट. खालची हद्द आमची जबाबदारी. यापुढे अपडेट सोडण्याआधी ३.९ च्या मशीनवर, खऱ्या प्रिंटरवर, पावती काढून बघू.

३.८ ला ऑक्टोबर २०२४ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत, तेव्हा मशीन कधीतरी बदलावं लागेल. पण ते सीझन उरकल्यावर, तुमच्या सवडीने. त्या दिवशी पावतीबुकावर हाताने लिहिलेल्या पावत्या बाजूला ठेवा. फोनवर बोललेला तोच पोरगा रावेरला येऊन त्या चढवून देईल.