स्कोप मागे का सरकतो: माउंटविषयीच्या आपल्या तक्रारीस दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या कोल्हापुरातील दुकानाविषयी आपण लिहिलेला अभिप्राय काळजीपूर्वक वाचला. आपले म्हणणे असे की, स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी आमच्याकडून नेलेला एकसंध माउंट (स्कोप रायफलवर बसवण्याची बैठक) निकृष्ट निघाला, थोड्याच दिवसांत स्कोप (नेम धरायची दुर्बीण) मागे सरकू लागला, स्क्रू पूर्ण ताकदीने आवळूनही झिरो (जुळवलेला नेम) टिकला नाही आणि स्कोपच्या नळीवर मात्र वळ उमटले. रायफल दुकानात आणल्यावर आम्ही माउंटचे पैसे परत केले नाहीत आणि रेलवर (रायफलच्या माथ्यावरील, माउंट बसतो त्या पट्टीवर) नवे भोक पाडून द्यायलाही नकार दिला, हीदेखील आपली तक्रार आहे. या मुद्द्यांना मी येथे उघडपणे उत्तर देत आहे, कारण हीच अडचण घेऊन आमच्याकडे अनेक जण येतात, आणि माउंट बदलून ती सुटत नाही.

स्प्रिंग-पिस्टन रायफलचा धक्का कसा बसतो हे समजल्याशिवाय तिच्या माउंटची निवडही नीट होत नाही आणि जोडणीही. चाप ओढताच दाबलेली स्प्रिंग सुटते, जड पिस्टन पुढे झेपावतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने रायफल मागे येते. इथपर्यंत ती काडतुसाच्या रायफलसारखीच वागते. पण लगेचच तो पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी दाबल्या गेलेल्या हवेवर येऊन थांबतो आणि सगळी रायफल पुढे हिसकली जाते. स्कोप आपल्या जडत्वामुळे जागीच राहू पाहतो, आणि अचानक सुटलेल्या एस.टी.त उभा असलेला प्रवासी मागे कलंडतो तसा रायफलच्या मानाने मागे जातो. प्रत्येक छऱ्यागणिक हे दोन्ही दिशांचे धक्के बसतात. मोठ्या काडतुसी रायफलवर वर्षानुवर्षे टिकणारा महागडा स्कोपही स्प्रिंगच्या रायफलवर आतून निखळतो तो याचमुळे, आणि माउंट सरकतो तो जवळपास नेहमी मागेच.

या हिसक्याला केवळ डव्हटेलवरची, म्हणजे रेलच्या तिरप्या कडांवरची, पकड पुरी पडत नाही. एअर रायफलच्या डव्हटेलला सरसकट ११ मिलिमीटर म्हटले जाते खरे, पण वेगवेगळ्या रायफलींमध्ये तिच्या रुंदीत फरक असतो आणि कडांच्या उताराचा कोनही एकसारखा नसतो. म्हणूनच आपल्याला दिलेल्या माउंटच्या तळाशी मागच्या बाजूला एक पोलादी पिन आहे. ती ॲलन कीने खाली उतरवून रेलवरील भोकात बसवायची, माउंट मागे ढकलून पिन भोकाच्या मागील भिंतीला टेकवायची आणि मगच रेल पकडणाऱ्या जबड्याचे स्क्रू आवळायचे. पिन गरजेपेक्षा जास्त उतरवली तर ती भोकाच्या तळाशी टेकून माउंटला रेलवरून उचलते, म्हणून तेही पाहावे लागते. आपण रायफल आणली तेव्हा ही पिन पूर्ण वर फिरवलेली होती आणि माउंट भोकाच्या बराच पुढे बसवलेला होता. जबडा, आटे आणि पिन आपल्यासमोरच तपासली. तिन्ही शाबूत होती. ज्या वस्तूत दोष नाही, तिला सदोष म्हणून परत घेणे मला योग्य वाटले नाही, आणि आजही वाटत नाही.

माउंट पुढे का नेला, याचे कारण आपण त्याच वेळी सांगितले होते: पिन भोकात बसवली की स्कोपमधील चित्राच्या कडा काळ्या दिसत होत्या. ही अडचण खरी आहे, फक्त तिचा उपाय माउंटपाशी नसून स्कोपची नळी धरणाऱ्या रिंगांमध्ये आहे. बहुतेक स्कोपना डोळ्यापासून सुमारे ७५ ते १०० मिलिमीटर अंतर लागते. रिंगांच्या टोप्या (वरचे अर्धे भाग) सैल करून रायफल नेहमीच्या ठेवणीत खांद्याला लावावी, गाल कुंद्यावर टेकवावा, स्कोप सर्वाधिक झूमवर ठेवावा आणि पूर्ण चित्र दिसेपर्यंत नळी रिंगांतून पुढे-मागे सरकवावी. नळीवरचा जाड भाग आड येऊन तेवढी जागा मिळाली नाही, तर रिंगा पुढे झुकलेला माउंट मिळतो. त्यात पिन भोकातच राहते आणि स्कोप पुढे जातो.

रेलवर तेलाचा पातळ थर होता, हेही तेव्हा दाखवले होते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात रायफल गंजू नये म्हणून तेलाचा हात फिरवणे आवश्यकच आहे, आणि आपण ती निगा राखता हे पाहून बरे वाटले. परंतु डव्हटेलच्या कडा आणि माउंटचा जबडा यांच्यामध्ये तेल राहिले की घर्षण फार कमी होते. जोडणीपूर्वी एवढा भाग स्पिरिटने पुसून कोरडा करावा आणि तेल लावायचे ते माउंट बसल्यानंतर, बाहेरून.

नळीवरचे वळ मात्र मला सर्वांत जास्त खटकले, कारण ते भरून निघणारे नुकसान नाही. स्कोपची नळी पातळ ॲल्युमिनियमची असते. रिंगांच्या टोप्यांचे स्क्रू साधारणपणे १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे सुमारे १.७ ते २ न्यूटन-मीटर इतकेच आवळायचे असतात, तेही तिरप्या क्रमाने थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे. त्यापलीकडे जोर लावला तर नळी दबते, आतली हलती नळी अडखळते आणि नेम जुळवण्याची फिरकी (टरेट) फिरवूनही नेम हलत नाही किंवा उशिरा हलतो. शिवाय आपला स्कोप रिंगांमध्ये सरकतच नव्हता, सरकत होता तो रिंगांसकट सगळा माउंट. त्यामुळे टोप्या कितीही आवळल्या तरी त्या सरकण्यावर परिणाम होणार नव्हता.

भोक पाडण्याविषयी आपला राग मी समजू शकतो. शिवाजी उद्यमनगरात पोलादाला नेमके भोक पाडून देणारे कुशल कारागीर आहेत आणि काम अवघ्या काही मिनिटांचे दिसते. परंतु अशा अनेक रायफलींमध्ये रेलच्या खाली थेट सिलिंडरची भिंत असते आणि तिच्या आतून पिस्टनचे सील धावते. ड्रिल थोडे खोल गेले किंवा आत धातूची बारीक किनार उभी राहिली, तर सील फाटते, हवा गळते आणि दुरुस्ती माउंटच्या किमतीच्या पलीकडे जाते. असे काम आम्ही कोणाच्याही रायफलवर करत नाही. ज्या रायफलीला मुळातच भोक नसते, तिच्यासाठी माउंटच्या मागे रेलवर आवळायचा वेगळा अडसर मिळतो.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी घाईत अर्धवट राहिली. आपल्या स्कोपचा उंचीचा टरेट जवळजवळ शेवटापर्यंत फिरवलेला आहे. नळी (बॅरल) मोडून भरायच्या अनेक रायफलींची ही नळी रेलच्या मानाने किंचित खाली झुकलेली असते, त्यामुळे छर्रा खाली लागतो आणि नेमबाज टरेट फिरवत राहतो. शेवटच्या टोकाला स्कोपच्या आतल्या स्प्रिंगचा दाब कमी होतो आणि क्रॉसहेअर (नेमाची फुली) धक्क्यासरशी हलू लागतो, म्हणजे माउंट घट्ट असूनही झिरो भटकतो. टरेटची पाव मिनिटाची (अंशाच्या २४०व्या भागाची) एक क्लिक, म्हणजे एक खाच, १० मीटरवर जेमतेम ०.७ मिलिमीटर नेम हलवते, त्यामुळे १ सेंटिमीटर भरून काढायला सुमारे १४ क्लिक खर्च होतात. उलट दोन रिंगांमधील अंतर १०० मिलिमीटर असेल, तर मागील रिंगच्या खालच्या अर्ध्या भागात ठेवलेली ०.१ मिलिमीटर जाडीची पट्टी तेच काम करते आणि टरेट मध्याजवळ राहतो. झुकाव जास्त असेल तर पट्ट्या रचू नयेत, कारण स्कोपच्या नळीवर ताण येतो. अशा वेळी मागून उंच असलेला माउंटच घ्यावा.

मुलाच्या स्पर्धेच्या तयारीसाठी हा खर्च केला, असेही आपण लिहिले आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. १० मीटर एअर रायफल स्पर्धेत दुर्बिणीचा स्कोप चालत नाही. तेथे छिद्राची पीप साइट वापरतात. २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन (पालथे पडून) प्रकारात विश्वविजेत्या ठरलेल्या आपल्या तेजस्विनी सावंत असोत किंवा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन (तीन स्थितींतून नेमबाजी) प्रकारात कांस्यपदक मिळवणारे राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे असोत, हे यश अशाच साइटवरचे आहे. मुलगा त्या वाटेने जाणार असेल तर दुसऱ्या माउंटवर पैसे घालू नयेत, आधी प्रशिक्षकांचा सल्ला घ्यावा. घराच्या आवारात सुरक्षित आडोसा उभारून छंद म्हणून नेमबाजी करायची असेल, तर आहे तोच माउंट पुरेसा आहे.

आपण रायफल पुन्हा घेऊन यावे, ही विनंती. आपल्या देखत रेल कोरडी करून, पिन भोकात टेकवून आणि ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क रेंचने स्क्रू आवळून जोडणी करून देऊ; पट्टी लागली तर तीही बसवू, आणि याचे पैसे घेणार नाही. जोडणीनंतर रेलवर माउंटच्या मागच्या कडेला पेन्सिलीची बारीक रेघ ओढून देऊ, म्हणजे पुढे माउंट केसभर जरी सरकला तरी आपल्याला घरीच दिसेल. पिन टेकलेली असूनही तो त्या रेघेवरून सरकला, तर दोष माउंटचा मानून पूर्ण रक्कम परत केली जाईल. येताना नेहमीच्या छऱ्यांचा डबा सोबत आणावा, कारण छर्रा बदलला की नेमही बदलतो आणि झिरो त्याच छऱ्यांवर करावा लागेल.

आपला,
दुकानाचा मालक, कोल्हापूर